तुम्ही विचारलंत म्हणून : रिपोर्टवरचे दोन आकडे

राजारामपुरीत माझी रक्त तपासणीची लॅब आहे. जुने रिपोर्ट घेऊन येणारे किडनीचे रुग्ण मला नेहमी विचारतात की, क्रिएटिनिनखाली ईजीएफआरचे दोन आकडे का छापलेले असत आणि त्यांतल्या एकापुढे ‘आफ्रिकन अमेरिकन’ असे का लिहिलेले असे. कोल्हापुरातल्या माणसाला हे वाचून हसू येणे साहजिक आहे. पण तिकडे अमेरिकेत या दुसऱ्या आकड्याने अनेकांची वर्षे खाल्ली.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ. त्यावरून काढलेला, किडनी किती काम करते याचा अंदाज म्हणजे ईजीएफआर; क्रिएटिनिन जास्त, तेवढा ईजीएफआर कमी. तो काढण्याची आपली सूत्रे अमेरिकेतून आलेली आहेत. १९९९ च्या सूत्रामागील अभ्यासात, किडनीचे काम सारखेच असताना कृष्णवर्णीय रुग्णांचे क्रिएटिनिन सरासरीने जास्त आढळले. त्यांचे स्नायू जास्त असावेत असे गृहीत धरून त्यांचे ईजीएफआरचे उत्तर एका संख्येने गुणण्याची रीत पडली. २००९ च्या सुधारित सूत्रात ती संख्या १.१५९ होती. तिथे डायलिसिस सुरू होण्याआधी प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षाकाळ मोजला जावा यासाठी ईजीएफआर २० किंवा त्याहून कमी असावा लागतो. म्हणजे ज्याचे उत्तर १७.५ यायचे तो गोरा रुग्ण रांगेत धरला जाई, आणि तेच वय, तेच क्रिएटिनिन असलेला कृष्णवर्णीय रुग्ण २०.३ वर अडकून बाहेर राही. कोणाही डॉक्टरच्या मनात आकस असण्याची गरजच नव्हती, भेदभाव गुणाकारातच बसवलेला होता. २०२१ मध्ये वंशाचा विचार न करणारे सूत्र आले, २०२२ मध्ये यादीसाठी जुन्या गुणाकारावर बंदी आली आणि २०२३ पासून कृष्णवर्णीय रुग्णांचा हुकलेला काळ परत मोजून देणे सुरू झाले. त्यानंतरच्या सव्वा वर्षातच १४ हजारांहून अधिक रुग्ण रांगेत पुढे सरकले. चूक मान्य करून रांग मागे जाऊन दुरुस्त करणे मला दुर्मीळ वाटते.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आपल्याकडे जात बघतात का? मेंदूमृत दात्याच्या किडनीचे वाटप करताना जातिधर्माला गुण नसतात. रक्तगट जुळावा लागतो आणि डायलिसिसवर काढलेल्या काळाला गुण मिळतात. वयाची ६५ ची मर्यादा आणि अधिवासाची अट काढण्याचा निर्णयही केंद्राने २०२३ मध्ये घेतला. पण हे सगळे नाव यादीत गेल्यानंतरचे. आपली यादी पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्राकडे असते आणि तिथे नाव जाते ते परवानाधारक रुग्णालयामार्फत, बऱ्याच तपासण्या झाल्यावर. गगनबावड्याहून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणाऱ्याची, आणि सोबत येणाऱ्याचीही, मजुरी बुडते. त्यात नोंदणीसाठीच्या आणखी खेपा कोण करणार? अशांचा डायलिसिसचा काळ वाढत जातो, गुण मात्र कुठेच लागत नाहीत.

जिवंत दात्यांच्या बाबतीत तर वर्णापेक्षा घर जास्त बोलते. १९९४ च्या कायद्याने जवळच्या नातेवाइकाला किडनी देता येते, आणि देशभरात देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. म्हणून रिपोर्ट घ्यायला रुग्ण बाई आली असेल तर आता मी तिलाच मुद्दाम विचारतो की पुण्याला नाव नोंदवले का. उत्तर बहुतेकदा सोबतचा पुरुष देतो : ‘बघू, अजून तिला चालतंय.’