नॉर्मनची वादळजत्रा

ओक्लाहोमा सिटीहून नॉर्मनला जाताना आय-३५ महामार्गावर मूर लागतं. घरं, दुकानं, पेट्रोलपंप, विशेष काही नाही. पण याच गावावरून ३ मे १९९९ आणि २० मे २०१३ या दोन्ही दिवशी सर्वांत वरच्या श्रेणीचे टोर्नेडो गेले. १९९९च्या टोर्नेडोत ट्रकवरच्या डॉपलर रडारने ताशी सुमारे ४८० किलोमीटर वारा मोजला होता. २०१३ला २४ माणसं गेली, त्यांत शाळेतली मुलंही होती. पुढच्याच वर्षी गावाने बांधकामाचे नियम बदलले. नवं घर ताशी १३५ मैलांचा वारा झेलेल असंच बांधायचं. हे माहीत असलं की नुसती छपरंसुद्धा माणूस निरखून बघतो.

मी निघालो होतो नॅशनल वेदर सेंटरच्या वेदर फेस्टिव्हलला. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या आवारातली ही इमारत २००६ची. अलास्का-हवाई सोडून बाकी अमेरिकेसाठी टोर्नेडोचे ‘वॉच’, म्हणजे टोर्नेडो होऊ शकतो अशा पूर्वसूचना, जाहीर करणारं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर इथलंच. शरद ऋतूत एक दिवस हे सगळं लोकांसाठी खुलं असतं, तेही फुकट. आतल्या कॅफेचं नाव ‘फ्लाइंग काऊ’. टोर्नेडोच्या गावात असला विनोद त्यांनाच शोभतो.

आवारात जत्राच होती. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची टेबलं, छपरावर रडार घेतलेले ट्रक, गारांनी पोचे पडलेली बॉनेटं मिरवणाऱ्या, वादळांचा पाठलाग करणाऱ्या चेसर मंडळींच्या गाड्या. हवामानाचा फुगाही सोडला. तो तीसेक किलोमीटर वर जाऊन फुटतो. पोरांनी टाळ्या पिटल्या, मी कॉफी घेतली आणि स्पॉटरच्या, म्हणजे वादळं बघून कळवणाऱ्यांसाठीच्या, व्याख्यानाला जाऊन बसलो.

माझ्या डोक्यातला पहिलाच प्रश्न व्याख्यात्यांनी स्वतःहून घेतला. इतकी रडारं असताना माणूस कशाला हवा? रडारचा झोत किंचित वर रोखलेला असतो आणि खाली जमीन वक्र होत जाते. त्यामुळे शंभर किलोमीटरवर सर्वांत खालचा झोतसुद्धा जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंचीवरून जातो. वर ढग फिरतोय हे रडारला कळतं, पण खाली जमिनीला काय टेकलंय ते त्याला दिसत नाही. ते सांगायला हवामान खात्याच्या ‘स्कायवॉर्न’ उपक्रमाचे स्वयंसेवक, म्हणजेच हे स्पॉटर, असतात. देशभरात साडेतीन लाखांहून जास्त, आणि प्रशिक्षण मोफत.

मला वाटलं होतं, आता टोर्नेडोचे थरारक व्हिडिओ दाखवतील. तासाचा बराचसा भाग टोर्नेडो नसलेल्या गोष्टींवरच गेला! वादळाच्या पुढच्या कडेला पसरलेला शेल्फ क्लाउड दिसायला भयंकर, पण तो बाहेर फेकल्या गेलेल्या थंड हवेचा. खाली लोंबणारे चिंध्यांसारखे ढग म्हणजे स्कड, आणि घाबऱ्या माणसाला हमखास फसवतात ते हेच. खरा बघायचा तो वॉल क्लाउड. पाऊस नसलेल्या सपाट तळाखाली तो उतरतो, बहुतेक वेळा वादळाच्या नैर्ऋत्येला. त्याच्याकडे काही मिनिटं टक लावून बघायचं: उभ्या अक्षाभोवती गोल फिरतोय की नुसताच सरकतोय? पडद्यावर क्लिप लावून हात वर करायला सांगितले. अर्ध्या सभागृहाने एकदा तरी स्कडला टोर्नेडो ठरवलं. शेजारच्या आजोबांचा हात मात्र दरवेळी योग्य जागी वर. शेतकरी असावेत असा माझा कयास.

कळवायचं तेही मोजूनमापून. गार एक इंच व्यासाची किंवा वारा ताशी ५८ मैलांवर असेल तर वादळ ‘सिव्हिअर’, म्हणजे तीव्र. गार कळवताना नाण्याचं किंवा चेंडूचं माप सांगायचं. ‘मोठी गार’ या शब्दांना तिथे काडीची किंमत नाही. शिवाय किती वाजता, कुठे उभं राहून आणि कोणत्या दिशेला बघताना दिसलं, हे हवंच.

शेवटी विषय निघाला ओक्लाहोमातल्याच एल रेनो गावाजवळच्या टोर्नेडोचा, ३१ मे २०१३. त्याची रुंदी ४.२ किलोमीटर. टिम समारास हे अनुभवी संशोधक, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले. सभागृहात चुळबुळ थांबली. मग व्याख्याते नेहमीच्या सुरात उभं राहायच्या जागेवर आले. वादळ ईशान्येला सरकत असेल तर त्याच्या आग्नेय बाजूला राहा, पळायचा रस्ता आधी ठरवा, रात्री आणि पावसाच्या पडद्याआड शहाणपणा करू नका.

“मग जवळून कधी बघायचं?” मागून एका तरुणाने विचारलं.

“बघायचंच कशाला? मैलभर लांबूनसुद्धा फोन लागतो,” ते म्हणाले.

बाहेर आलो तर चेसरच्या गाड्यांपुढे फोटोसाठी रांग होतीच. तो तरुण सर्वांत पुढे. मीही लागलो रांगेला.