अर्धा मिनिट शांतता

शनिवारची सकाळची शाळा सुटली की आमचा 'शूटिंगचा तास' भरतो. नोटीस बोर्डावर त्याचं नाव 'दृक्‌श्राव्य मंडळ' असं भारदस्त आहे, पण ते फक्त हेडमास्तरांना आणि मला ठाऊक. पोरांच्या लेखी शूटिंग म्हणजे शूटिंग. लग्नात पंगतीत बत्ती मारून जेवणाऱ्याचा नेमका तोंडातला घास टिपतात, तेच.

एका शनिवारी मी चौदा पोरांना वर्गात बसवलं, पंखा बंद केला आणि सांगितलं, "आता अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. आपल्याला शांतता रेकॉर्ड करायची आहे."

"सर, त्यात काय रेकॉर्ड करायचं? त्यात काय न्हाईच की!"

शंका रास्त होती. मलाही हे कळायला दोन वर्षं लागली. कुणाची मुलाखत घेतली आणि त्यातलं खोकणं, अडखळणं, 'म्हंजे ते काय म्हंत्यात' कापून काढलं की त्या जागी आवाजाला भोक पडतं. बघणाऱ्याला ते दिसत नाही, पण अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसा कान दचकतो. ते भोक बुजवायला त्याच खोलीची, त्याच वेळेची रिकामी शांतता लागते. सिनेमावाले तिला रूम टोन म्हणतात. सारवलेल्या भुईला ठिगळ द्यायचं तर माती तिथलीच हवी, नाहीतर डाग दिसतो. हे सांगितल्यावर मात्र पोरींना लगेच कळलं. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात शेणानं सारवलेली घरं अजून आहेत.

पहिल्या खेपेला सातव्या सेकंदाला कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या खेपेला बाक करकरला. तिसऱ्या खेपेला बाविसाव्या सेकंदापर्यंत सगळं झकास चाललं होतं, तेवढ्यात शेजारच्या वर्गात दंगा करणाऱ्या पोरांवर कन्नडच्या मॅडम कडाडल्या, "सुम्मनिरी!" म्हणजे गप्प बसा. आमची शांतता मोडली ती शांततेच्या हुकुमानं. चौथ्या वेळी लोंढ्याकडं जाणारी मालगाडी आली. तिला काही सांगता येत नाही. तिचे डबे मोजून होईपर्यंत थांबलो.

पाचव्यांदा जमलं. एकच हेडफोन, तो आळीपाळीनं चौदा डोक्यांवर फिरला. आठवीतला एक पोरगा कान टवकारून म्हणाला, "सर, ही ट्यूबलाईट गुणगुणूलालीय."

खरंच गुणगुणत होती. जुन्या पट्टीचा चोक. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून नळी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते उमगत नाही. फोन सेकंदाला ३० चित्रं घेतो. ३० चा आणि १०० चा मेळ बसत नाही, म्हणून कधीकधी वर्गातल्या चित्रीकरणात भिंतीवरून करड्या पट्ट्या सरकताना दिसतात. शटर, म्हणजे एकेका चित्राला उजेड घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधून ठेवलं की पट्ट्या जातात. चोकचा गुणगुणाट आणि भिंतीवरच्या पट्ट्या ही एकाच विजेची दोन सोंगं. त्या दिवशी हेडमास्तर दारात उभे राहून ऐकत होते. ते मूळचे विज्ञानाचे. "हे दहावीला येतंय की," एवढंच म्हणाले आणि गेले. त्यानंतर वर्गाच्या किल्लीसाठी मला कधी दोनदा मागणं करावं लागलेलं नाही.

पालकांचं तसं नाही. "ह्याला मार्क किती?" हा त्यांचा एकच प्रश्न. एसएसएलसीत, म्हणजे इथल्या दहावीच्या बोर्डात, ह्याला शून्य मार्क. मी ते लपवत नाही.

सामान काय, तर माझा जुना फोन, एक स्टँड आणि शर्टाला लावायचा माइक. वाऱ्यात माइक फुरफुरतो, म्हणून त्याला लोकरीचा मोजा घालतो. एकदा कुणीतरी कुरकुरलं की सर, आपल्याकडं खरा कॅमेराच नाही. मी सिनेमा काढणाऱ्या बाबूराव पेंटरांचं नाव घेतलं. इथून जवळच्या कोल्हापुरात त्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी कॅमेरा स्वतः बनवला होता. पोरं जरा वरमली. मग एक म्हणाला, "पण सर, त्यांच्यात आवाज नव्हता." बरोबर होतं. फाळक्यांनी १९१३ साली मूकपट काढला, आणि मराठी सिनेमा बोलायला १९३२ उजाडलं. ती एकोणीस वर्षं किती सुखाची गेली असतील, हे आमचा वर्ग चालवल्याशिवाय कळायचं नाही. चित्र काय, पोरं पहिल्या महिन्यात शिकतात. फोन आडवा धरा, उजेड समोरच्याच्या पाठीमागं घेऊ नका, डोक्यावर मोकळी जागा किती सोडायची ते बघा. इन्स्टाग्रामनं निम्मं काम आधीच केलेलं असतं. खोळंबा होतो तो आवाजाशी.

त्यात पहिला धक्का स्वतःच्याच आवाजाचा. "शी, सर, हा माझा नव्हं!" आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो आतून भरीव वाटतो. यंत्राला फक्त हवेतला मिळतो. एवढं फळ्यावर लिहिलं तरी एक मुलगी पंधरा दिवस माइकपुढं आली नाही.

दुसरा धक्का मला होता. एरवी "सर, आम्ही आलाव" म्हणत धावत येणारी पोरं माइक लागला की ताठ होतात आणि टीव्हीवरच्या बाईसारखी सुरू होतात, "नमस्कार, आज आपण आलो आहोत..." घरात मराठी, बाजारात कन्नड, फोनमध्ये हिंदी, आणि माइकपुढं हे परगावचं चौथंच काहीतरी. यात माझा हात आहे. 'आलाव'ला लाल शाईनं गोल करून मी एकोणीस वर्षं 'आलो' लिहीत आलोय. निबंधात अजूनही करतो, कारण पेपर तपासणाऱ्यानं मार्क कापले तर पोराचं नुकसान. शूटिंगच्या तासाला मात्र लाल पेन कपाटात. पडद्याखालची अक्षरं प्रमाण मराठीत, बोलणं ज्याचं त्याचं. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला ही तडजोड पचायला जड गेली, खोटं कशाला सांगू?

पावसाळ्यात मुलाखती बंदच असतात. आमच्याकडचा पाऊस कौलांवर पडायला लागला की समोरच्याचं बोलणंसुद्धा ओठांवरून ओळखावं लागतं. तरी त्या पोरानं (तोच, ट्यूबलाईटवाला) जुलैतल्या एका शनिवारी पावसाचं अर्धं मिनिट घेऊन ठेवलं. फाइलला नाव दिलं 'शांतता पाऊस १'. मग नादच लागला. 'शांतता वर्ग', 'शांतता देऊळ दुपारची', 'शांतता मळप्रभा पुलाखाली', 'शांतता सुम्मनिरी'. ही शेवटची बिघडलेली होती, तरी ठेवली.

दिवाळीनंतर आम्ही कुंभारआळीत गेलो. खानापूरची कौलं आणि मडकी नावाजलेली, तेव्हा तो विषय पोरांनी न सांगता निवडला. सत्तरीचे आजोबा ओट्यावर बसून घागर थापत होते. आतून गोटा, बाहेरून थापी. बोलले भरपूर. माती कुठली, आवा कधी पेटवायचा, गॅसच्या शेगडीवर मडकं का तडकतं, सगळं. शेवटी आमच्या कॅमेरावालीनं शिकवल्याप्रमाणं सांगितलं, "आजोबा, आता अर्धा मिनिट कायबी बोलू नका हां."

आजोबा एकदम शहाण्या मुलासारखे गप्प झाले. तोंड मिटलं, नजर समोर. आणि थापी चालूच. ठप, ठप, ठप, घागर फिरतेय, ठप.

ती कासावीस झाली. अर्धं मिनिट संपल्यावर म्हणाली, "आजोबा, गप्प म्हणालाव की ओ!"

"बोलू नका म्हणालीस. हात बंद करा म्हणून कुठं सांगितलीस? माती वाळती न्हवं."

परत घ्यायचं का, असं तिनं माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणालो. पुढं जोडणी करताना त्यांच्या बोलण्यात जिथं जिथं भोकं पडली, तिथं तिथं हीच ठपठप बसली. आता ती फिल्म अशी दिसते, की आजोबा मध्येच विचारात पडतात आणि हात बोलत राहतो. बघणाऱ्यांना वाटतं आम्ही फार डोकं लावलं. आम्ही काही बोलत नाही.

गेल्या शनिवारी फोन भरला. व्हिडिओ मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी खातो, काहीतरी पुसणं भाग होतं. मी म्हटलं, त्या शांततेच्या फायली काढा, बावीस झाल्यात.

"त्याला कशाला हात लावतासा सर? ते मोकळंच हाय की, जागा कुठं खातंय?"

मी फळ्यावर हिशेब मांडला. बोला नाहीतर गप्प बसा, अर्ध्या मिनिटाच्या आवाजाला पावणेतीन एमबी लागतातच. पोरांनी निमूटपणे ऐकून घेतलं. मग चौदा जणांनी फोनभोवती घोळका केला, काहीतरी कुजबुजली, आणि पाच मिनिटांत पाचशे एमबी मोकळे करून फोन माझ्या हातात दिला. शांतता बावीसच्या बावीस शाबूत होत्या. कुंभारांच्या फिल्मला मी केलेलं प्रास्ताविक तेवढं कुठं दिसेना. साडेचार मिनिटांचं होतं.