गुलाबी ठिपक्यांच्या मागे: माझ्या एम.एस्सी. प्रकल्पाचा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वर्गातल्या बहुतेकांनी प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू निवडले. मी निवडले उन्हाचा उपयोग करणारे. त्यांचं पूर्ण नाव ‘एरोबिक अॅनॉक्सिजेनिक फोटोट्रॉफ’, पण लॅबमध्ये सगळे एएपी म्हणायचे. शिबा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९७९ साली टोकियोच्या उपसागरातून मिळालेल्या अशा जिवाणूंबद्दल लिहिलं. खुल्या समुद्रातही ते सर्रास असतात, याकडे मात्र २००० नंतरच लक्ष गेलं. यांचं जेवण इतर जिवाणूंसारखंच: पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ. कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं अन्न बनवून त्यावर जगणं यांना जमत नाही, आणि ते ऑक्सिजनही सोडत नाहीत. पण अंगात बॅक्टेरिओक्लोरोफिल-ए नावाचं, पानांतल्या हरितद्रव्यासारखं रंगद्रव्य असतं, आणि त्याच्या जोरावर ऊन पकडून ते थोडी जादा ऊर्जा मिळवतात. पगारावर घर चालवून वर जोडधंदा करणाऱ्या माणसासारखं.

मी मालवणची, त्यामुळे पाणी कुठून आणायचं हा प्रश्न नव्हता. एक नमुना कोळंबच्या खाडीतला, दुसरा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या नितळ पाण्यातला. आम्लाने धुतलेल्या बाटल्या त्याच पाण्याने विसळायच्या, भरायच्या, काळ्या पिशवीत घालून बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि गोव्यातली लॅब गाठायची. होडीवाल्या काकांना हे सगळंच विनोदी वाटायचं. ‘काय गो बाय, नुसतां पाणी व्हरान काय करतलंस?’ मी सांगायचे, आणि ते मान हलवून वल्हं उचलायचे.

प्लेटवर वाढवताना पहिली गोष्ट कळली ती अशी की या मंडळींना खायला कमी द्यावं लागतं. नेहमीचा मरीन अगर, म्हणजे समुद्री जिवाणू वाढवायचं जेलीसारखं खाद्य, पूर्ण ताकदीचा वापरला की पांढरे, घाईने वाढणारे जिवाणू प्लेट व्यापून टाकतात. म्हणून त्यातलं खाद्य कमी केलं, प्लेट्स बारा तास उजेडात आणि बारा तास अंधारात ठेवल्या, आणि वाट पाहिली. रंगीत ठिपके उशिरा उगवतात: नारिंगी, गुलाबी, विटकरी, हळदी. रांगेत मांडलेल्या त्या प्लेट्स बघून कोणालाही वाटेल, झालं काम.

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, ‘रंगावर जाऊ नकोस, स्पेक्ट्रम काढ.’ म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख. डोळ्यांना दिसतो तो रंग बहुधा कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजरात असतात तसल्या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांचा, आणि ती तर कितीतरी साध्या जिवाणूंमध्येही असतात. खरी खूण तांबड्याच्या पलीकडे, जिथे आपली नजर पोचतच नाही. पेशी अॅसिटोन आणि मिथेनॉलच्या मिश्रणात टाकायच्या, मंद उजेडात, कारण हे रंगद्रव्य प्रकाशात लवकर बिघडतं. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ७७० नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा येतो का ते बघायचं. जिवंत पेशीत हाच उंचवटा ८०० च्या पुढे सरकलेला असतो. माझ्या देखण्या नारिंगी वसाहतींपैकी बहुतेकांच्या आलेखावर तिथे सपाट रेघ होती. उंचवटा दिला तो खाडीतल्या एका फिकट गुलाबी वसाहतीने, जिच्याकडे मी फारसं बघितलंही नव्हतं.

तिला घेऊन केलेला प्रयोग मला सगळ्यात आवडला. तोच जिवाणू तीन फ्लास्कमध्ये घातला: एक सतत उजेडात, एक सतत अंधारात, एक आलटून पालटून. सतत उजेडातला फ्लास्क पांढुरका पडला आणि ७७० चा उंचवटा जवळजवळ गायब झाला. कारण हे जिवाणू बॅक्टेरिओक्लोरोफिल अंधारातच तयार करतात, प्रकाश त्याची निर्मिती थांबवतो. रात्री जाळं विणायचं, दिवसा वापरायचं. खाद्य भरपूर असताना अंधारातला आणि आलटून पालटून ठेवलेला फ्लास्क सारखेच गढूळ होत, म्हणजे वाढ सारखीच. कार्बन कमी केल्यावर मात्र आलटून पालटून ठेवलेल्यात पेशी जास्त भरल्या. ऊन मिळालं की मिळालेलं अन्न जाळून टाकावं लागत नाही, त्यातलं जास्त शरीर बांधायला उरतं.

प्लेटवर उगवतात ते मूठभरच, म्हणून थेट पाण्यातले मोजणंही आलं. त्यासाठी ८५० नॅनोमीटरच्या पुढचा अवरक्त प्रकाश टिपणारा कॅमेरा जोडलेला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो दुसऱ्या एका संस्थेत ठरलेल्या वेळेतच मिळायचा. नमुना काळ्या फिल्टरवर गाळायचा, डॅपी या डीएनएला चिकटून निळ्या चमकणाऱ्या रंगाने रंगवायचा आणि एकाच जागेचे तीन फोटो घ्यायचे: निळ्यात सगळे जिवाणू, तांबड्यात वनस्पतींसारखं साधं क्लोरोफिल असणारे, अवरक्तात एएपी. क्लोरोफिलवालेही अवरक्तात थोडे चमकतात, म्हणून ते वजा करायचे. मान मोडणारं काम आहे, याहून अधिक सांगण्यासारखं त्यात नाही.

वाढीचा वेग काढताना तेच पाणी बारीक गाळून जिवाणूरहित केलेल्या पाण्यात मिसळून पातळ केलं, म्हणजे जिवाणू खाणारे सूक्ष्मजीव विरळ होतात. पातळ केलेल्या बाटल्यांत एएपी बाकीच्यांपेक्षा भराभर वाढले. न मिसळलेल्या पाण्यात संख्या जवळपास जिथल्या तिथे. म्हणजे ते वाढत होते, पण तितकेच खाल्लेही जात होते. पाण्यात संख्येने थोडे म्हणून त्यांना बिनमहत्त्वाचं समजणं मला तेव्हापासून पटत नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, ‘पावसाळ्यात खाडीत गाळ येतो, ऊन आत शिरत नाही. तेव्हा यांचं काय?’ मी अमेरिकेतल्या डेलावेअर आणि चेसापीक खाड्यांचं उदाहरण दिलं. तिथल्या गढूळ पाण्यातही हे जिवाणू सापडलेत, आणि बरेचसे गाळाच्या कणांना चिकटलेले. सर म्हणाले, ‘ते झालं तिकडचं. मालवणचं काय?’ जून-जुलैत मासेमारी बंद, काकांची होडी वर ओढलेली, त्यामुळे पावसाळ्यातला नमुना माझ्याकडे नव्हता. आता माझ्या ज्युनिअरने तो भाग घेतलाय. ती कोळंबच्या पुलावरून दोरीला बादली बांधून पाणी काढणार आहे.