मोराचे पाय

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. रात्रीचे साडेअकरा.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. वरच्या वाडीत भजन रंगलंय, पखवाज वाऱ्याबरोबर येतो आणि जातो. पोटऱ्या भरून आल्यात. आज २३ घरं झाली, निम्मी डोंगराच्या उतारावर.

मंडळाच्या पोरांनी यंदा घरगुती गणपतींची सजावट स्पर्धा काढली आणि परीक्षक म्हणून मला धरलं. "बाई, तुम्ही ड्रॉइंगच्या, तुम्हीच पाहिजे." निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हातात तक्ता आणि लाल पेन आलं की माझी मान आपोआप ताठ होते, हे आज लक्षात आलं. जोडीला आमचे भजनीबुवा. त्यांना चित्रातलं काही कळत नाही असं ते स्वतःच सांगतात, आणि प्रत्येक घरी ८० गुण देतात. विचारलं तर म्हणाले, "८० च्या खाली दिलंय तर चाय गोड लागाची नाय."

तक्ता असा: संकल्पना २०, रंगसंगती २०, पर्यावरणपूरकता ३०, स्वच्छता १०, सामाजिक संदेश २०. माटवीला रकाना नाही. गणपतीच्या डोक्यावर जी बांधतो ती आमच्याकडची खरी सजावट: आंब्याचे टाळ, नारळ, पोफळीचा घड, तवशी, कवंडळं, कांगण्या, शेरवडाची पांढरी पानं, तेरडा. हरितालिकेच्या दिवशी भाऊ रानात जाऊन भिजून आणतो ते सगळं. पण तिला गुण द्यायचं तक्ता करणाऱ्या पोरांच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. माटवी म्हणजे घराचं छप्पर असल्यासारखी, असतेच. बुवांनी ती गुपचूप पर्यावरणात घातली.

एका घरी कोकण रेल्वे. पुठ्ठ्याचा बोगदा, त्यातून गाडी बाहेर येते, बाजूला खऱ्या शेवाळाचा डोंगर. मुंबईहून आलेल्या दोन भावांनी तीन रात्री जागून केलेलं काम. बोगद्याच्या तोंडाची कमान इतकी नेमकी की मी चष्मा काढून बघितली. तिला पहिला नंबर, यात वाद नाही. काही ठिकाणी नुसते बाजारातले पडदे आणि लुकलुकणारे दिवे. तिथे काय लिहायचं ते लिहिलं आणि निघालो.

आता मुद्द्याचं. ते लिहायलाच बसलेय.

एकोणिसावं घर. खालच्या वाडीत, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला. मातीची भिंत, तिच्यावर चुना, आणि गणपतीमागे रंगवलेला मोर. पूर्वी आमच्याकडे प्रत्येक घरात चतुर्थीच्या आधी ही भिंत रंगायची. कमळं, मोर, हत्ती, जे येईल ते. आता फ्लेक्स लावतात, तो गुंडाळून पुढच्या वर्षाला ठेवता येतो. ही भिंत हाताने रंगवलेली होती, म्हणून मी आधी खूश झाले. मग माझ्यातली बाई जागी झाली. मान जाड. पिसारा एकाच बाजूला कललेला. खाली हिरव्या पात्यांचा गच्च पट्टा आणि त्यात पक्ष्याचं पोट थेट बुडालेलं. पाय नाहीतच.

मी बुवांच्या कानाशी म्हणाले, "हा मोर की कोंबडा? आणि याचे पाय कोणी कापून नेले?"

बुवा हसले नाहीत. मी मागे वळले तर त्या घरातली सात-आठ वर्षांची नात नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, थाळी घेऊन उभी. तिने थाळी चौरंगाच्या कडेला ठेवली आणि जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली, बरोब्बर मोराच्या पुढे, दोन्ही हात मागे. काही बोलली नाही. आम्ही नेवरी खाऊन, चहा पिऊन निघेपर्यंत ती तिथून हलली नाही.

मी संकल्पनेत ८ लिहिले होते. बाहेर पडवीत येऊन ८ चे ११ केले. म्हणजे अपमानाचे ३ गुण परत दिले. हसूच आलं माझं मला.

झोप येत नाही त्याचं कारण ती पोर नाही फक्त. १९८३ साल आहे. मुंबईत चित्रकला शिकत होते, विशीतली. वेंगुर्ल्याच्या बंदराचं चित्र काढलं होतं, आठवडाभर खपून. सरांनी ते वर्गापुढे धरलं आणि म्हणाले, "छान आहे. वाण्याच्या दुकानात लावायला." वर्ग हसला. मीसुद्धा हसले, हे मला जास्त लागतं. त्यानंतर मी बंदर काढलं नाही. आज बेचाळीस वर्षं झाली.

सर चुकीचे नव्हते. माझं पाणी कॅलेंडरातल्यासारखं निळंशार होतं, आणि चित्र पावसाळ्यातलं होतं. श्रावणात आमचा समुद्र निळा कुठे असतो? नदीच्या तोंडाशी तर चहासारखा. हे मला माझं मला कळलं, सात-आठ वर्षांनी, बंदरावर नवऱ्याची वाट बघत उभी असताना. "निळा चुकलाय, जाऊन पाणी बघ," एवढं म्हणाले असते तर पुढच्याच सुट्टीत मी पाणी बघून आले असते. पण मग वर्ग हसला नसता.

पखवाज थांबला. आता उसळ-पाव चालू झाला असणार.


३० ऑगस्ट, शनिवार.

सकाळी तक्त्याची बेरीज करायला बुवा आले. मी त्यांना विचारलं, "बुवा, डबलबारीत तुम्ही समोरच्या बुवाची सालटी काढता, त्याचं काय?"

डबलबारी ज्यांनी ऐकली नसेल त्यांना सांगून कळायचं नाही. दोन बुवा समोरासमोर, दोघांची मंडळी आपापल्या मागे, आणि रात्रभर आळीपाळीने गाणं. एकाने कोपरखळी मारली की दुसरा आपल्या पाळीला ती दामदुपटीने फेडतो. आवाज, पेटी, सूर, तालीम, कशाकशावरून काढत नाहीत! लोक त्यासाठीच पहाटेपर्यंत बसतात.

बुवा म्हणाले, "तो माझ्या समोर बसललो असता. उलट बोलाक तेची पाळी येता. आणि सुरुवातीक मी तेच्या पायाक हात लावतंय."

म्हणजे फरक तिखटपणाचा नाही. त्या घरात उलटून बोलायची पाळी कोणालाच नव्हती. आम्ही पाहुणे, वर परीक्षक, वर त्यांची नेवरी तोंडात.

दुपारी पाऊस उघडला तशी छत्री विसरल्याचं निमित्त काढून खाली गेले. (छत्री पिशवीतच होती.) पोर अंगणात तेरड्याची फुलं ओवत होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले, गुडघ्यांनी आवाज केला. म्हटलं, "काल मी वाईट बोलले." ती फुलांकडे बघत म्हणाली, "आजोक सांगूक नाय मी."

एवढंच. पुढे काय बोलायचं ते मला सुचलं नाही, तिला तर नकोच होतं.

आजोबा आत होते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. बंदरावर होड्यांवर नावं रंगवायचं काम करतात, हे मला आज कळलं. मोराचा निळा रंग चुन्यात नीळ खलवून, मातकट तपकिरी काव, आणि पात्यांचा हिरवा होडीच्या उरलेल्या ऑइलपेंटमधला. मी म्हटलं, ओल्या चुन्यावर ऑइलपेंट धरत नाही, पोपडे येतील. ते म्हणाले, "येतलेच. आषाढ सरलो की परत चुनो मारतंय. वर्सभर ऱ्हवाक होया खय?" म्हणजे दर वर्षी नवं. मागच्या वर्षी हत्ती होता, त्याच्या आदल्या वर्षी कमळातली लक्ष्मी. फोटो? फोटो काढलेले नाहीत. मी हळहळले तर त्यांनाच माझी गंमत वाटली. मूर्ती व्हाळात जाते आणि भिंतीचं काय घेऊन बसलात, असा चेहरा.

मग मी विचारलं, "मोराचे पाय का नाही काढलेत?"

"भातात मोर इलो काय तेचे पाय दिसतत खय?"

मी त्यांच्या पडवीतून समोर बघितलं. भात पोटरीला आलेलं. आमच्याही मळ्यात मोर येतात, पन्नास वर्षं बघतेय, हाकलतेय. भातातून चालतो तेव्हा मान आणि पाठ सरकत जाते, होडी सरकावी तशी. पाय मी कधी बघितलेलेच नाहीत. माझ्या डोक्यातला मोर पाठ्यपुस्तकातला होता, तो मोकळ्या जमिनीवर उभा असतो.

"मान मात्र जाड झाली," ते आपणहून म्हणाले. "ता माका पण कळता."

झाली आहे जाड. मी नाही म्हटलं नाही. उगीच "छे छे, छान आहे" म्हणणं म्हणजे कालच्यापेक्षाही वाईट झालं असतं. मी म्हटलं, खांद्यापाशी बारीक केली असती तर पिसाऱ्याचा कल उठून दिसला असता. त्यांनी हवेत बोटाने रेघ ओढून बघितली आणि मान डोलवली. हा प्रश्न आणि हे वाक्य काल माझ्याजवळ नव्हतं असं नाही.

निघताना ते म्हणाले, "बाईंनू, ती स्पर्धा कसली? आमचा नाव कोणी घातल्यान?"

मंडळाच्या पोरांनी वाडीतली सगळी घरं परस्पर यादीत टाकली होती. यांनी नाव दिलंच नव्हतं. जो माणूस शर्यतीत धावतच नव्हता त्याला मी शेवटून तिसरा काढून आले होते.

घरी येताना पिंगुळी डोक्यात आली. माझी नोकरी कुडाळच्या बाजूला, एसटी रोज पिंगुळीवरून जायची. ठाकर समाजाची चित्रकथी तिथली: हाताने रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारत सांगायचं. चेहरे बाजूने काढलेले, डोळा टपोरा. एवढ्या वर्षांत एकदाही मी वर्ग घेऊन तिथे उतरले नाही. उलट, पोरांना माणूस साडेसात डोक्यांच्या उंचीचा शिकवला, आणि एखाद्याने चित्रकथीसारखा टपोरा डोळा काढलाच तर खोडून घेतला. इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्राला गुण जातील ही भीती. भीती खोटी नव्हती, पण एक दिवस एसटीतून उतरायला परीक्षेने अडवलं नव्हतं. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी सगळ्यात आधी मेसेज फिरवला, "आपल्या सिंधुदुर्गाचा अभिमान". दिल्लीने गुण दिले, मग मला दिसलं. सावंतवाडीच्या गंजिफालाही मी भौगोलिक मानांकनाची बातमी आल्यावरच पुन्हा बघायला गेले. १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, तळहातात मावणारे. त्याआधी "पर्यटकांची वस्तू" म्हणायचे मी त्याला.

हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट ठेवायची आहे, नाहीतर उद्या वाचताना मीच मला भाबडी वाटेन. सगळंच सारखं चांगलं असतं असं मला अजूनही वाटत नाही. रेल्वेचा बोगदा मोरापेक्षा सरस आहे. बुवांचे सगळीकडे ८० ही मला फसवणूकच वाटते, त्या दोन भावांच्या तीन रात्रींची. बघायला शिकले, ते विसरायचं कसं? पण बघणं आणि शेरा मारणं यांच्यामध्ये मी विचारायला थांबत नव्हते. वर्गात ४५ पोरं, ३५ मिनिटांचा तास, हे कारण तिथे चाललं. काल कसली घाई होती?

आणि एक, जरा ओशाळवाणं. निवृत्तीनंतर चार वर्षांत मी एकही चित्र पुरं केलेलं नाही. कागद ताणून बोर्डावर लावते आणि पहिल्याच हाताला माझ्यातले सर म्हणतात, वाण्याचं दुकान. त्याच घरात दर वर्षी माटवी बांधते तेव्हा सुंभ बोटांना कापतो, कवंडळ खाली पडून फुटतं, भावजय हसते, आणि दोन तास कुठे जातात कळत नाही. त्या दोन तासांत सर येत नाहीत.

बेरीज झाली. पहिला बोगदा. मोर एकविसावा. पोरांना फोन करून एवढंच सांगितलं की पहिले तीन जाहीर करा, बाकी यादी भिंतीवर लावू नका. आणि पुढच्या वर्षी विचारून नाव घाला.


२ सप्टेंबर, मंगळवार.

सात दिवसांचे गणपती गेले. व्हाळाला पाणी भरपूर, पाणंदीत गुडघाभर चिखल. खालच्या वाडीचे सगळे गणपती एका रांगेत, बुवा पुढे, आवाज बसलेला तरी पुढे.

परतताना त्यांच्याकडे शिरले. मूर्तीच्या पाटावर व्हाळातली मूठभर वाळू आणतात, ती रिकाम्या जागी ठेवून आरती झाली. चौरंग बाजूला केल्यावर भिंत पहिल्यांदाच खालपर्यंत दिसली. सात दिवस मूर्तीआड झाकलेला तो भाग कोरा असेल असं मी धरून चालले होते. तिथे हिरवी पाती थेट जमिनीपर्यंत उतरलेली, आणि पात्यांच्या पुढे मोकळ्या मातीवर एक कोंबडी, मागे चार पिल्लं. कोंबडीचे पाय स्वच्छ काढलेले: तीन बोटं पुढे, एक मागे, नखंसुद्धा. एका पायाने ती माती उकरतेय.

नात माझ्याकडे बघत होती. मी आजोबांकडे बघितलं.

"ह्येका कोंबडी होयी होती," ते म्हणाले. "म्हटलंय, देवाच्या पाठी काढूया, कोणाक दिसाची नाय."

मग प्रसादाची खिरापत आली. पाऊस परत सुरू झाला होता, आणि आज छत्री खरंच घरी राहिली होती.