पेन्टियम-३ लॉग: दोष उन्हाचा नव्हता

सापडलं एकदाचं! माझा जुना संगणक चालू होता होता मध्येच अडकायचा. तीन आठवडे ज्या हँगने डोकं खाल्लं, त्याचं मूळ काल दुपारी हाती लागलं. मी शोधत होतो तिथे ते नव्हतंच.

मशीन तुम्हाला ठाऊक आहे: विप्रोचा पेन्टियम-३, ८६६ मेगाहर्ट्झ, २५६ एमबी एसडीरॅम. याच्यावरच एवढा जीव का, असं मागे एकाने विचारलं होतं. १९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून जी कंपनी उभी राहिली, तिचा चालता संगणक भंगारवाल्याच्या गाडीवर चढवायला माझा हात होत नाही. हार्ड डिस्कच्या जागी आयडीई-सीएफ अडॅप्टर (कॅमेऱ्याचं कॉम्पॅक्टफ्लॅश, म्हणजे सीएफ कार्ड, डिस्कच्या आयडीई केबलला जोडणारी पाटी), त्यात ४ जीबीचं कार्ड, कार्डावर टायनी कोअर हे अगदी छोटं लिनक्स. बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) यूएसबीवरून बूट करत नाही. प्लॉप या बूट मॅनेजरची सीडी लावून करवलं, तरी यूएसबी १.१ वर सेकंदाला जेमतेम एक एमबी येतो. म्हणून सीएफ.

लक्षण असं: कर्नल (लिनक्सचा गाभा) लोड, टायनी कोअरच्या कोअर डॉट जीझेड फाइलचे ठिपके पूर्ण, 'रेडी', आणि मग काळा स्क्रीन. सकाळी बहुतेक वेळा चालू व्हायचं, दुपारी कधीच नाही. खानदेशातला मे, पारा ४४ च्या वर. सकाळी चालतं, दुपारी नाही, म्हणजे तापतंय, असं मागच्या वेळी मी छातीठोक लिहिलं. त्या हिशेबाने सगळं करून झालं. कॅबिनेट उघडून टेबलफॅन लावला, रॅमचे पाय खोडरबराने घासले, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलला, कार्ड माठाशेजारी ठेवून गार करून लावलं. बूट होताना पाच सेकंद थांबायला सांगणारं वेटयूएसबी=५ सुद्धा घालून पाहिलं. जळगावच्या एका फोटो स्टुडिओतून दुसरं कार्ड आणलं. लग्नाच्या शूटिंगचे त्यांचे कॅमेरे आता एसडीवर गेलेत, सीएफ ड्रॉवरमध्ये पडून असतात. (ऑनलाइन नवं म्हणून मिळणारं स्वस्त कार्ड घेण्यापेक्षा असं वापरलेलं, चांगल्या कंपनीचं घ्या. माझं मत पक्कं झालंय.) फरक काहीच नाही. साधं सीएफ कार्डही ७० अंशांपर्यंत चालेल असं बनवलेलं असतं, हे मला माहीत होतं. तरी खिडकीबाहेरचं ऊन बघून मी पुन्हा पुन्हा तिथेच जात होतो.

काल दुपारी दोनला बटण दाबलं आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं. आठ दिवसांनी आलेलं पाणी, मग काय, सगळं टाकून मोटर लावली. टाकी, ड्रम, हंडे. अर्ध्या तासाने माय आतून ओरडली, "भाऊ, तुन्हं डबडं चालू व्हई गयं रे!"

भर दुपार, फॅन बंद, खोली भट्टीसारखी, आणि समोर टायनी कोअरचा डेस्कटॉप. ओले हात तसेच घेऊन मी बघत उभा राहिलो. सकाळी मशीन चालू करून मी आंघोळीला, चहाला जातो. दुपारी समोर बसतो आणि तीन मिनिटांत रीसेट दाबतो. उन्हाचा काही संबंधच नव्हता, मीच थांबत नव्हतो.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. बूट करणाऱ्या एक्सटलिनक्सच्या कॉन्फिगमध्ये कर्नलला सूचना देणारी अपेंडची ओळ असते, तिच्यातून संदेश लपवणारं 'क्वाएट' काढलं, लॉगलेव्हल वाढवला आणि घड्याळ लावून बसलो. सगळं डोळ्यांसमोर आलं: रीड डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट रॅममध्ये नेणं) फेल, फ्रोजन, रीसेट, परत रीड, परत तीस सेकंद शांतता. मग 'लिमिटिंग स्पीड', पुन्हा तोच फेरा, आणि शेवटी पीआयओ-४ या साध्या, संथ पद्धतीवर आल्याबरोबर एसडीए-१, म्हणजे कार्डाचं पहिलं पार्टिशन, सापडलं. साडेसहा मिनिटं.

म्हणजे कार्ड सांगतं मला यूडीएमए (वेगवान डीएमए) येतं, कर्नल त्यावर विश्वास ठेवतो, पण मधल्या अडॅप्टरवर डीएमएच्या तारा जोडलेल्याच नाहीत. माझा बायोस पीआयओने वाचतो, म्हणून ठिपके पूर्ण व्हायचे आणि संशय यायचा नाही. खात्री करायची तर सॉकेटच्या पिना एवढ्या बारीक की मल्टिमीटरचं टोक दोन पिनांवर एकदम बसतं. टोकाला शिवणाची सुई तांब्याच्या तारेने आवळून बांधली. तार जोडलेली असेल तर बझर वाजतो. आयडीईची २१ आणि सीएफची ४३ (डीएमएची मागणी): बझर गप्प. २९ आणि ४४ (त्या मागणीची पोच, म्हणजे अ‍ॅक्नॉलेज): गप्प. ४४ ची सुई तशीच ठेवून दुसरी ३८ वर टेकवली आणि बझर वाजला. ३८ म्हणजे व्हीसीसी, वीजपुरवठ्याची पिन! अ‍ॅक्नॉलेजची पिन त्यांनी सरळ पाच व्होल्टला बांधून टाकलीय. आणि विक्रेत्याने वर्णनात 'डीएमए सपोर्ट' लिहिलं होतं. याचा मला खरंच राग आला.

तात्पुरता उपाय एका शब्दाचा: अपेंडच्या ओळीत डीएमए बंद करणारं लिबएटीए.डीएमए=०. मग लक्षात आलं की याने सीडी ड्राइव्हचाही डीएमए जातो, म्हणून ० च्या जागी २ केलं. डिस्कचा बंद, सीडीचा चालू. बटण दाबल्यापासून डेस्कटॉपपर्यंत ४३ सेकंद! सलग अकरा वेळा चालू-बंद केलं, त्यात चार वेळा दुपारी. वाचनाचा वेग सेकंदाला सहा एमबीच्या आसपास. टायनी कोअर एकदा रॅममध्ये गेलं की कार्डाला फारसं विचारतच नाही, त्यामुळे चालतंय.

नवीन अडॅप्टर मागवणार होतो, पण हे लिहिता लिहिता विचार बदलला. ४४ ची रेष ब्लेडने कापायची आणि दोन बारीक तारा टाकायच्या. आमच्याकडे मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांना तोटा नाही, पंख्याच्या कॉइलची ३६ गेजची इनॅमल तार हातभर सहज मिळेल. जमलं तर यूडीएमए, फसलं तर मागवायचंच आहे.

दुसरी आनंदाची गोष्ट, देवनागरी बसली. टायनी कोअरसोबत येणारा एफएलटीकेचा साधा एडिटर जोडाक्षरं फोडून दाखवतो, 'क्षि'ची वेलांटी भलतीकडे. एक्सव्हेसा सोडून एक्सऑर्ग (दोन्ही स्क्रीनवर खिडक्या दाखवणारे प्रोग्राम), लोहितचा फॉन्ट, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि लीफपॅड एडिटर, एवढ्यावर अहिराणी नीट उमटायला लागली. मशीन यासाठीच तर उभं करतोय. माय जात्यावरच्या ओव्या सांगते, मी टाइप करतो. काल सतरा झाल्या.

त्यातल्या दोन गेल्या. संध्याकाळी लाईट गेली आणि बॅकअप तर बंद करतानाच होतो. सगळं रॅममध्ये असल्यामुळे कार्डाला धक्का नाही, हे खरं, पण रॅममधलं गेलं ते गेलंच. मायडेटा डॉट टीजीझेड या बॅकअप फाइलवर भरवसा ठेवायचा हा माझा आधीचा बेत रद्द. आज रात्री एसडीए-२ हे दुसरं पार्टिशन करून होम=एसडीए२ लावतो, म्हणजे लिहिलेलं थेट कार्डावर जाईल. कार्ड झिजेल म्हणून टाळत होतो, पण दिवसाला चार पानं मजकूर लिहून ४ जीबीचं कार्ड किती झिजणार? फाइल सिस्टम ईएक्सटी-२ ठेवावी की जर्नलवाली (बदलांची आधी नोंद ठेवणारी) ईएक्सटी-४, यावर अडलोय. रोज लाईट जाणाऱ्या घरात मला जर्नल हवंसं वाटतंय.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे चाळीस पिनांचं, निळ्या पाटीचं अडॅप्टर आहे त्यांनी २१ आणि ४३ मध्ये बझर वाजतो का, तेवढं बघून सांगा.