खाडा

पावसानं जोर धरला की आमच्या वाशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर भरतीचं वेळापत्रक येऊन पडतं. त्यामागोमाग कुणीतरी विचारतं, "आज कोणाच्या मावशी आल्यात का?" उत्तरं या दुसऱ्या मेसेजलाच जास्त येतात.

भरतीची आम्हाला तशी धास्ती नसते. खाडीकाठच्या सखल जमिनीवर शहर वसवताना सिडकोनं धारण तलाव करून ठेवलेत. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानंच झडपा मिटतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला निघून जातं. आता त्यांत गाळ साचलाय, खारफुटी माजलीय, उपसायचं तर परवानग्या लागतात. पण निदान आराखड्यात तरी आमचा विचार झालेला आहे.

मावशी राहतात तुर्भे स्टोअरला, ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. दगडखाणींना आणि एमआयडीसीला माणसं हवी होती. ती राहणार कुठे, हे ठरवायचं राहूनच गेलं. डोंगरावरचं पाणी खाडीकडे निघतं ते आधी अशा वस्त्यांमधून. मावशींच्या घरी छताजवळच्या खिळ्याला गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी असते. आत रेशनकार्ड, आधार, पोराची मार्कशीट. जूनच्या आधी टांगायची, गणपती झाले की उतरवायची. विमा म्हणायचा तर एवढाच.

पाणी शिरलं की रात्रभर उपसा. सकाळी अंग मोडून आलेलं, पण खाडा केला तर पैसे कापले जाणार. (कापणाऱ्या घरांत इन्व्हर्टर आहे, हे मुद्दाम सांगते.) म्हणून मावशी ओल्या गाद्या तशाच टाकून येतात. कचरा नेणारे येतात, वॉचमन येतो, दुपारपर्यंत सगळं सुरळीत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही शहर सावरलं ते 'स्पिरिट'मुळे, असं आपण कौतुकानं सांगत आलो. मला त्यात रोजंदारी बुडायची भीतीच जास्त दिसते.

यंदा मीटिंगमध्ये दोन विषय होते. पार्किंगमधलं पाणी उपसायला नवा पंप पाच मिनिटांत मंजूर झाला. अतिवृष्टीच्या दिवसाचे पैसे कापू नयेत, यावर मात्र तासभर वाद. "मग काय, ढग दिसला की खाडा!" एक काका म्हणाले. ते स्वतः त्या दिवशी वर्क फ्रॉम होम घेतात. भरपगारी.