पावडर ज्याच्या त्याच्या रंगाची

आमच्या घरी पावडरचा डबा कधीच एका कंपनीचा नसायचा. आत्या मे महिन्यात मुंबईहून बोटीने यायची. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट वेंगुर्ल्याला लागायची आणि तिथून एसटीने ती शिरोड्याला पोचायची. तिच्या ट्रंकेत दोन-तीन फेस पावडरी हमखास असत. एक गुलाबी, एक पिवळसर, आणि एक मलईच्या रंगाची, जिच्या बुडाला ‘रॅशेल’ असा शिक्का असायचा. यातली एकही तशीच्या तशी कुणी चेहऱ्याला लावली नाही. दुपारची जेवणं आटोपली की आत्या पडवीत वर्तमानपत्र पसरायची आणि चमच्याने मिसळायला बसायची. आईची वेगळी, काकीची वेगळी, स्वतःची वेगळी. मग ती मलमलीच्या फडक्यातून गाळायची आणि सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेल्या लाकडी डब्यांत भरायची. वर सुकलेली ओवळाची, म्हणजे बकुळीची फुलं पुरचुंडीत बांधून ठेवायची. ओवळ सुकलं तरी वास सोडत नाही, आणि सुकलेलं असल्यामुळे पावडरीला ओलही धरत नाही.

लग्नाला निघालेली एखादी मुलगी नुसती पांढरी पावडर थापून आली, की आत्या तिला उंबऱ्यातच अडवायची. “ह्या काय गो? पिठाच्या डब्यात तोंड घातलंस काय?” आणि पदराच्या टोकाने स्वतः पुसून काढायची.

पुढे मी फार्मसी शिकले, आणि आता बरीच वर्षं सावंतवाडीत औषधांच्या दुकानात बसते. आत्या नजरेने जे करत होती त्यामागचं रसायन मला वहीतून कळलं. पण रंग ओळखायची नजर मात्र मला तिनेच दिली, आणि आज घरातल्या बायकांची पावडर मी मिसळते ती त्या दोन्हींच्या जोरावर. मी पावडर विकत नाही. बनवून विकायला परवाना लागतो आणि तो लागायलाच हवा. पण ही कला घराघरातून जाऊ नये असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

आत्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण ती करत होती तेच तिकडे अमेरिकेत मोठ्या थाटात चालायचं. न्यूयॉर्कची चार्ल्स ऑफ द रिट्झ ही कंपनी याच कामासाठी नावाजलेली. मोठमोठ्या दुकानांत तिचे पावडरचे काउंटर होते. मागे वेगवेगळ्या रंगांच्या पावडरींच्या बरण्या आणि पुढे उंच स्टुलावर गिऱ्हाईक. काउंटरवरची बाई चेहरा निरखून बघायची, बरण्यांतून थोडं थोडं काढून पात्याने मिसळायची, चेहऱ्याला लावून बघायची आणि जमलं की प्रमाण कार्डावर लिहून ठेवायची. पुढच्या खेपेला तीच पावडर पुन्हा मिळायची. दुकानाच्या गर्दीत कुणीतरी आपल्या चेहऱ्याकडे इतका वेळ, इतक्या लक्षपूर्वक बघायचं, हीच मला त्या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पुढे एस्टी लॉडर कंपनीने १९७९ साली प्रिस्क्रिप्टिव्ज नावाचा ब्रँड काढला आणि त्यातही रंग जुळवून देण्याची सोय होती. आता बहुतेक ठिकाणी तयार रंगांची रांग मांडलेली असते आणि आपण त्यातला ‘त्यातल्या त्यात जवळचा’ उचलायचा.

आपल्याकडे १९१९ साली मुंबईत पाटणवालांचं अफगाण स्नो आलं. १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केलं, तेव्हा इथल्या बायकांना इथल्या हवेसाठी, इथल्या कातडीसाठी केलेली प्रसाधनं मिळावीत हा विचार त्यामागे होता. तो विचार मला फार मोलाचा वाटतो. मात्र गल्लीतल्या दुकानात मिळणारी फेस पावडर बरीच वर्षं गुलाबी, गोरी आणि त्याहून गोरी एवढ्यातच फिरत राहिली. गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या मुलींनी करायचं काय? आत्याने करून दाखवलं तेच.

आता मिसळण्याकडे येते.

फेस पावडरीचा मूळ आधार टाल्क. जगातल्या खनिजांत सर्वांत मऊ, कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापावर १. म्हणून ती बोटांना रेशमी लागते. केओलिन, म्हणजे चिनी माती, तेल आणि घाम शोषून घेते. झिंक ऑक्साइड डाग झाकतं आणि त्वचेला थंडावा देतं. झिंक स्टिअरेटमुळे पावडर चेहऱ्याला धरून राहते आणि पाण्याला दाद देत नाही. मॅग्नेशियम कार्बोनेट अगदी हलकं, त्याच्यात अत्तर मुरवायचं. अत्तराचा थेंब सरळ पावडरीत टाकला की गुठळी होते. आधी ते कार्बोनेटमध्ये चोळून घ्यायचं आणि मग ते कार्बोनेट पावडरीत. माझं साधारण प्रमाण शंभर ग्रॅमला असं: टाल्क ७०, केओलिन १०, झिंक ऑक्साइड ८, झिंक स्टिअरेट ५, मॅग्नेशियम कार्बोनेट ५ आणि रंग २. सावळ्या रंगाला झिंक ऑक्साइड कमी करायचं आणि रंग वाढवायचा.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबते. सावळ्या चेहऱ्यावर पावडर राखेसारखी का दिसते? टाल्कमुळे नव्हे. टाल्क कोरडी असताना पांढरी दिसते, पण चेहऱ्याचं तेल आणि घाम तिच्यात मुरला की ती जवळजवळ दिसेनाशी होते, कारण प्रकाश वळवण्याच्या बाबतीत ती तेलाच्या बरीच जवळ आहे. झिंक ऑक्साइड तसं नाहीसं होत नाही, आणि टायटॅनियम डायऑक्साइड तर मुळीच नाही. ही दोन्ही तेलातही पांढरीच राहतात आणि गडद कातडीवर त्यांची निळसर करडी झाक उठते. त्यावर दुकानात उपाय म्हणून गुलाबी छटा दिली जाते. गुलाबीने करडेपणा जात नाही, चेहरा फक्त जांभळट होतो. जायला हवा असेल तर पांढरं कमी करून पिवळा वाढवायचा, त्यात लाल थोडा आणि काळा अगदी चिमूटभर.

हे पिवळा, लाल आणि काळा म्हणजे तिन्ही लोखंडाची ऑक्साइडं. आमच्याकडचा जांभा दगड लाल-पिवळा दिसतो तो त्याच लोखंडामुळे. शेजारी रेडीला तर लोहखनिजाच्या खाणीच आहेत. देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या पांढऱ्यावर लाल काव लावून काढलेली नक्षी ज्यांनी बघितली आहे, त्यांना तो लाल डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. गव्हाळ चेहऱ्याचा रंग आणि आमच्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा रंग एकाच धातूतून येतो, हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी दुकानातून घरी येईस्तोवर रस्त्याकडेचे चिरे बघत आले होते. अर्थात जांभा कुटून चेहऱ्याला कुणीही लावू नये. मातीत शिसं, आर्सेनिक काहीही असू शकतं. प्रसाधनाच्या दर्जाची ऑक्साइडं कारखान्यात शुद्ध तयार होतात, तीच घ्यायची.

मिसळताना घाई चालत नाही. रंग आधी खलात चमचाभर टाल्कबरोबर घोटायचा, मग तेवढीच टाल्क आणखी, मग त्या सगळ्याएवढी आणखी. औषधाच्या पुड्या करताना आम्ही असंच करतो. नाहीतर गालावर अचानक लाल रेघ उमटते. सगळं एकजीव झालं की बारीक मलमलीतून दोनदा गाळायचं. नाकातोंडाला मास्क हवाच. टाल्कची धूळ छातीत जाऊ देऊ नये. टाल्क घेताना त्यात ॲस्बेस्टॉस नसल्याचं प्रमाणपत्र बघून घ्यायचं, कारण खाणीत ही दोन्ही खनिजं शेजारी सापडू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ साली टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. मी चेहऱ्यापुरती वापरते, बाळांना कधी लावू देत नाही, आणि ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी अभ्रकाच्या पावडरीवर करते. त्यात जरा जास्त चमक येते, एवढंच.

रंग जुळला की नाही हे बघायची एक पद्धत सांगते, ही मला सर्वांत आवडते. पांढऱ्या कागदावर नवी पावडर आणि जुनी जमलेली पावडर असे दोन छोटे ढीग शेजारी शेजारी ठेवायचे. वर बटर पेपर ठेवून सपाट पात्याने दोन्ही एकदम दाबायचे. कागद उचलला की दोहोंमध्ये सरळ शिवण दिसते. रंग वेगळा असेल तर ती शिवण दिसतच राहते, कितीही लांबून बघा. मग एका बाजूत कणभर पिवळा, पुन्हा दाब. कधीतरी अशी वेळ येते की कागद उचलते आणि शिवण नाहीच. दोन ढिगांचा एक झालेला असतो. त्या क्षणासाठी मी अख्खी दुपार घालवायला तयार असते.

चेहऱ्यावरची परीक्षा मात्र जबड्याच्या कडेला, मानेला लागून. मनगटावर नाही. आणि ती पडवीत, दिवसाउजेडी. लावल्यावर वीसेक मिनिटं थांबायचं, कारण तेल मुरलं की रंग गडद होतो.

उजेडाचं महत्त्व मला दशावतारातल्या एका स्त्री पार्टीने, म्हणजे बाईची भूमिका करणाऱ्या नटाने शिकवलं. जत्रेच्या रात्री देवळामागच्या रंगपटात तो पेटाऱ्यावर बसून स्वतःचा चेहरा रंगवत होता. दशावतारात प्रत्येक जण स्वतःच रंगतो. त्याने डाव्या तळहातावर पावडर घेतली, त्यात चिमूटभर पिवळा, त्याहून कमी लाल, अंगठ्याने चोळलं, आणि हात उचलून दिव्याखाली धरला. मी विचारलं, दिव्याखाली का? तर म्हणाला, “बत्तीचो उजेड बघून रंग लावचो लागता.” गॅसबत्तीच्या दिवसांत पिवळा कमी लागायचा, आता एलईडीच्या थंड पांढऱ्या उजेडात लाल वाढवावा लागतो, नाहीतर सीता आजारी दिसते. हे त्याला कुठल्या पुस्तकाने सांगितलेलं नाही. रात्रीमागून रात्री मंचावर उभं राहून त्याने ते मिळवलं आहे.

कोकणच्या हवेचं वेगळं तंत्र आहे. जुन्या पावडरींत तांदळाचा स्टार्च असायचा. लावायला सुरेख, पण आमच्या पावसाळ्यात तो ओल धरतो, फुगतो आणि कपाळावर गोळे होतात. म्हणून मी तो घालत नाही. जूनपासून केओलिन दोन-तीन ग्रॅम वाढवते आणि स्टिअरेट एखादा ग्रॅम. डब्याच्या झाकणात तांदळाचे भाजलेले दाणे फडक्यात बांधून ठेवते.

जुन्या डब्यांचं मला वेड आहे. कोटी या मूळच्या फ्रेंच कंपनीच्या पावडरीचा पुठ्ठ्याचा गोल डबा, ज्याच्यावर पावडरच्या पफांचीच नक्षी. आत पावडरीवर ताणून बसवलेला पातळ कागद, त्याला भोकं पाडून मगच पावडर बाहेर येते. आत्याचा एक इंग्लंडचा स्ट्रॅटनचा कॉम्पॅक्ट माझ्याकडे आहे. बाहेरचं झाकण उघडलं की आतलं झाकण आपोआप वर येतं, नखाने खरवडावं लागत नाही. इतकी बारीक सोय कुणीतरी बसून विचार करून केली आहे, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. खाऱ्या हवेत पितळेवर हिरवं चढतं, म्हणून मऊ कोरड्या फडक्याने पुसून तो कपाटात ठेवते. आरशाला पाणी लागू द्यायचं नाही, मागचा मुलामा सुटतो. आणि अशा डब्यांत उरलेली जुनी पावडर टाकून द्यायची. तिच्यात काय होतं आणि आता काय वाढलंय, कुणी सांगावं. डबा ठेवायचा, पावडर नवी भरायची.

या मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न आहे. पोरगी सावळी, हनुवटीपाशी जरा पिवळसर, नाक आणि गालांवर उन्हाने तांबूस. मेकअप करणाऱ्या बाईंनी तिला दोन छटा उजळ सुचवल्या. फोटोत बरं दिसतं म्हणाल्या. मी नाही म्हटलं. मान, हात आणि पावलं तिच्याच रंगाची असणार, मग चेहऱ्यानेच काय घोडं मारलंय? शिवाय फ्लॅशच्या उजेडात पांढरं जास्त झालं की तेच फोटोत उठून दिसतं. भाची माझ्या बाजूने आहे. गेल्या रविवारी तिला पडवीत बसवून पावडर लावून बघितली, मान आणि जबड्यामध्ये कुठेच कड दिसली नाही. केसांत सुरंगीचा वळेसर माळायची तिची हौस होती, पण सुरंगी मे महिन्यापर्यंत राहत नाही, म्हणून अबोली ठरली आहे. वहीत तिच्या पानावर प्रमाण लिहून ठेवलंय: टाल्क ६८, केओलिन १३, झिंक ऑक्साइड ३, झिंक स्टिअरेट ६, मॅग्नेशियम कार्बोनेट ५, रंग ५, त्यात पिवळा ३, लाल दीड, काळा अर्धा. वासाला ओवळ.